मनाली–लेह सायकल मोहीम: आयोजकांचा आठ दिवसांचा आराखडा कितपत योग्य आहे?

वळणवाट

नमस्कार. येत्या ऑगस्टच्या अखेरीस मी आणि माझा 19 वर्षांचा मुलगा एका आयोजक संस्थेच्या गटाबरोबर मनाली ते लेह असा सायकल प्रवास करावा, असा आमचा विचार चालू आहे. माझे वय 47 आहे. गेली सहा वर्षे मी नियमित सायकल चालवते, 200 किलोमीटरच्या दोन बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) वेळेत पूर्ण केल्या आहेत आणि घाट चढण्याची सवय आहे. मात्र 2,500 मीटरच्या वर मी आजवर सायकल चालवलेली नाही. मला रक्तदाबाची एक गोळी रोज घ्यावी लागते आणि तिच्यामुळे रक्तदाब नियंत्रणात आहे. मुलगा माझ्यापेक्षा पुष्कळ वेगवान आहे आणि खरे सांगायचे तर मला स्वतःपेक्षा त्याचीच काळजी अधिक वाटते, कारण चढ दिसला की थांबणे त्याला जमत नाही.

आयोजकांनी पाठवलेला कार्यक्रम असा आहे. मनालीत एक रात्र, नंतर पहिल्या दिवशी मढी, दुसऱ्या दिवशी रोहतांग ओलांडून सिस्सू, तिसऱ्या दिवशी जिस्पा, चौथ्या दिवशी बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) पार करून सरचू, पाचव्या दिवशी गाटा लूप्स, नकी ला आणि लाचुलुंग ला करून पांग, सहाव्या दिवशी टांगलांग ला ओलांडून रुमत्से, सातव्या दिवशी लेह आणि आठव्या दिवशी खारदुंग ला. सोबत एक मार्गदर्शक, एक मेकॅनिक आणि सामान वाहणारी एक गाडी असेल. गट 14 जणांचा आहे. राखीव दिवस एकही नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. उंचीचा विचार करता हा आराखडा बरोबर आहे का? पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना नेमके काय विचारावे? आणि आमच्या सायकलींचे गिअर या चढांना पुरतील का? माझ्या सायकलीला पुढे 34 आणि 50 दात्यांच्या दोन चेनरिंग आहेत व मागे सर्वांत मोठे चक्र 32 दात्यांचे आहे. ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी सविस्तर लिहिल्यास मी ऋणी राहीन.

सावकाश

वळणवाट, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण पैसे भरण्यापूर्वी आराखडा तपासणारे फार थोडे असतात. मी हा मार्ग दोनदा केला आहे आणि दोन्ही वेळा मार्गदर्शक असलेल्या गटाबरोबरच केला आहे. पहिल्या वेळचा आराखडा जवळजवळ तुमच्यासारखाच होता, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

या प्रवासाची चर्चा सुरू झाली की सगळे खिंडींच्या उंचीबद्दल बोलतात. रोहतांग 3,978 मीटर, बारालाचा सुमारे 4,890, लाचुलुंग 5,060 च्या आसपास, टांगलांग 5,328. हे आकडे छायाचित्रात चांगले दिसतात, पण शरीराच्या दृष्टीने खिंडीवर काढलेली पंधरा मिनिटे फारशी महत्त्वाची नसून त्या रात्री तुम्ही किती उंचीवर झोपणार आहात, हे महत्त्वाचे असते. म्हणून आयोजकांचा कार्यक्रम समोर घ्या, खिंडींची नावे खोडून टाका आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची तेवढी लिहून काढा. तुमच्या बाबतीत ती यादी साधारण अशी होते: मनाली 2,050, मढी 3,300, सिस्सू 3,100, जिस्पा 3,200, सरचू 4,290, पांग 4,600, रुमत्से 4,200, लेह 3,500.

आता दोन उड्या पाहा. पहिली मनाली ते मढी, 1,250 मीटरची. तिच्यानंतरच्या दोन रात्री थोड्या खाली असल्यामुळे ती बहुतेकांना निभावते, तरीही मनालीत एकाऐवजी दोन रात्री काढाव्यात असे मी म्हणेन. दुसरी उडी जिस्पा ते सरचू, जवळजवळ 1,100 मीटरची, आणि ती त्याच दिवशी येते ज्या दिवशी तुम्ही सुमारे 85 किलोमीटर अंतर कापून बारालाचा ओलांडलेला असतो. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा पर्वतीय वैद्यकातील सर्वमान्य संकेत आहे. तुमचा आराखडा तो संकेत दुपटीहून अधिक ओलांडतो आणि तेही थकलेल्या शरीरानिशी.

परंतु या मार्गाची खरी अडचण याच्याही पुढे आहे आणि ती नकाशावर सहज लक्षात येत नाही. उंचीचा त्रास वाढला तर खाली उतरावे, हा उपाय सगळ्यांना माहीत असतो. बारालाचा ओलांडल्यानंतर मात्र उतरायला ‘खाली’ अशी जागाच उरत नाही. सरचूत कोणी आजारी पडला, तर मागे फिरून जिस्पाकडे जाताना पुन्हा 4,890 मीटरची खिंड चढावी लागते. पांगमध्ये आजारी पडला, तर पुढे टांगलांग ला आहे आणि मागे लाचुलुंग, नकी आणि बारालाचा अशा तीन खिंडी आहेत. म्हणजे रुग्णाला खाली नेण्यासाठी आधी वर न्यावे लागते आणि ते काम गाडीशिवाय होऊ शकत नाही. पांगला सैन्याचा तळ आहे आणि तेथे अडचणीत सापडलेल्या प्रवाशांना प्राथमिक मदत मिळते, परंतु त्या भरवशावर मोहीम आखणे योग्य नाही; ती त्यांच्या माणसांसाठी ठेवलेली सोय आहे.

माझ्या पहिल्या प्रवासात हेच घडले. सरचूला पोहोचलो त्या संध्याकाळी अकरा जणांपैकी सहा जण जेवू शकले नाहीत. एका सहकाऱ्याची डोकेदुखी रात्रभर वाढत गेली, पहाटे त्याला बुटांची नाडीही नीट बांधता येईना, आणि तेव्हा असे लक्षात आले की गाडी एकच असून तिच्यावर सगळ्यांचे तंबू, शिधा आणि सामान लादलेले आहे. ती रिकामी करून त्याला घेऊन निघेपर्यंत दीड तास गेला. तो बरा झाला, परंतु तो दीड तास मला आजही आठवतो. संस्थेने नंतर सांगितले की एवढ्या वर्षांत असे कधी झाले नव्हते.

दुसऱ्या वेळी मी ज्या गटाबरोबर गेलो, त्यांनी जिस्पाला दोन रात्री ठेवल्या आणि मधल्या दिवशी सामान न घेता दारचा गावाच्या पुढे वर चढवून पुन्हा खाली आणून झोपवले. त्यानंतर पटसेओला सुमारे 3,800 मीटरवर एक रात्र, झिंगझिंगबारला सुमारे 4,200 मीटरवर एक रात्र, आणि मग सरचू. दिवस वाढले, पण बारालाचाचा चढ ताज्या पायांनी सकाळी संपला आणि सरचूची रात्र सगळ्यांनी शांत झोपून काढली. मी तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा पाच वर्षांनी मोठा होतो आणि तरीही प्रवास सोपा गेला.

आता आयोजकांना काय विचारावे, ते सांगतो. माझ्या मते सर्वांत आधी विचारण्याचा प्रश्न हा की, एखाद्याला सायकलवरून उतरवून गाडीत बसवण्याचा अंतिम अधिकार कोणाचा आहे आणि तो अधिकार मार्गदर्शकाने गेल्या हंगामात किती वेळा वापरला. ‘आमच्याबरोबरचे सगळेच पूर्ण करतात’ असे उत्तर आले, तर ते मला भूषण वाटत नाही. या उंचीवर 14 जणांपैकी एकालाही कधी थांबवावे लागत नसेल, तर एक तर ते कोणाला थांबवत नाहीत किंवा खरे सांगत नाहीत. चांगला मार्गदर्शक तोच, ज्याला थांबवताना संकोच वाटत नाही आणि ज्याच्या पाठीशी त्याची संस्था उभी राहते.

त्यानंतर माणसांची आणि गाड्यांची संख्या पाहावी. 14 जणांसाठी एक मार्गदर्शक अजिबात पुरेसा नाही, कारण पहिल्या आणि शेवटच्या सायकलस्वारात दुपारपर्यंत सहज 20 किलोमीटरचे अंतर पडते आणि एक माणूस दोन्हीकडे असू शकत नाही. एक पुढे, एक सर्वांच्या शेवटी, आणि शेवटच्या माणसाच्या मागे राहणारी, निदान तीन जागा मोकळ्या असलेली गाडी, ही किमान व्यवस्था मानावी. सामानाची गाडी पुढच्या मुक्कामाला तंबू ठोकण्यासाठी सकाळीच निघून जाते, तेव्हा दिवसभर तुमच्या मागे कोणीही नसते, ही गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेली नसते. ती विचारूनच घ्यावी लागते.

राखीव दिवस नसणे ही मोठी उणीव आहे. जुलै 2023 मधील पुरात बियासने मनालीच्या परिसरातील महामार्ग जागोजागी तोडला होता, हे तुम्हाला आठवत असेल. रोहतांगपलीकडच्या लाहौलपासून पुढे पाऊस कमी असला, तरी मनालीकडची बाजू पावसाळ्यात दरडींची आहे. दोन दिवस हाताशी नसतील, तर रस्ता बंद झाल्यावर मार्गदर्शक पुढचे मुक्काम गाळून वेळ भरून काढतो, आणि गाळले जातात ते नेमके शरीराला सवय लावण्याचे मुक्काम.

आणि मुलाबद्दल. तरुण आणि सशक्त असणे हे उंचीच्या आजारापासून संरक्षण नाही. उलट असे लोक पहिल्या दिवसांत अधिक जोर लावतात आणि त्रास झाल्यास लपवतात. त्याला शेवटच्या मार्गदर्शकाबरोबर चालवण्याची जबाबदारी द्या, म्हणजे मागे राहणे त्याला कमीपणाचे वाटणार नाही.

हिमशिखा

सावकाश यांनी मुक्कामांच्या उंचीविषयी जे लिहिले आहे, त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि काही मोहिमांबरोबर डॉक्टर म्हणून गेले आहे. येथे जे लिहीत आहे ते सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांचा निर्णय तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

टांगलांग लाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेवढेच, 21 टक्क्यांच्या आसपास राहते, पण दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर याला उत्तर म्हणून श्वासाची गती वाढवते, मूत्रावाटे अल्कली बाहेर टाकून रक्ताचा समतोल साधते, आणि या सगळ्याला दिवस लागतात. घाई करून हा काळ कमी करता येत नाही.

साधा उंचीचा त्रास बहुधा नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर 6 ते 12 तासांत सुरू होतो. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक नसणे, चक्कर किंवा असाधारण थकवा, असे त्याचे स्वरूप असते. नियम एकच लक्षात ठेवा: अशी लक्षणे असताना अधिक उंचीवर झोपायला जायचे नाही. त्याच ठिकाणी एक-दोन दिवस थांबल्यास बहुतेकांना बरे वाटते. वाढत गेल्यास मात्र खाली जावे लागते.

गंभीर अवस्था दोन आहेत. मेंदूला सूज येते तेव्हा माणूस गोंधळतो, विसंगत बोलतो आणि त्याचा तोल जातो. जमिनीवर सरळ रेषा कल्पून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याच्या बोटांपुढे टेकवत चालायला सांगावे. ते जमले नाही, तर सकाळची वाट पाहायची नाही. सावकाश यांनी सांगितलेली बुटांच्या नाडीची गोष्ट मला याच दिशेची वाटते. फुप्फुसात पाणी साठते तेव्हा विश्रांती घेत असतानाही धाप लागते, कोरडा खोकला येतो, पुढे फेसाळ आणि कधी गुलाबी थुंकी पडते. हे बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत उद्भवते आणि थंडी व अतिश्रम यांनी त्याचा धोका वाढतो. सायकलस्वाराच्या बाबतीत हे ओळखणे अधिक कठीण असते, कारण धाप लागणे हे त्याला दिवसभराचे नेहमीचेच वाटते. म्हणून धाप सायकलवर पाहू नये, तंबूत बसल्यावर पाहावी.

या दोन्हींत मुख्य उपचार म्हणजे खाली नेणे आणि प्राणवायू देणे. येथे आयोजकांना एक नेमका प्रश्न विचारा: तुमच्याकडे प्राणवायू किती आहे? दुकानात मिळणारा छोटा डबा बहुधा 10 लिटरच्या आसपासचा असतो आणि मिनिटाला 2 लिटर या वेगाने तो पाच मिनिटांत संपतो. तो धीर देतो, उपचार करीत नाही. 1,500 लिटर वायू मावणारा सिलिंडर मिनिटाला 4 लिटर या वेगाने सुमारे सहा तास चालतो, आणि सरचू किंवा पांगहून रुग्णाला हलवायचे असेल तर तेवढी तरतूद हवी. सिलिंडर गाडीत आहे, पण त्याचा रेग्युलेटर आणि मास्क नाही, असेही मी पाहिले आहे. म्हणून निघण्यापूर्वी तो उघडून दाखवायला सांगण्यात संकोच करू नका.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर उपयोगी आहे, परंतु त्याच्या आकड्याने घाबरून जाऊ नये किंवा निर्धास्तही होऊ नये. 4,300 मीटरवर निरोगी माणसाचा आकडाही ऐंशीच्या घरात असू शकतो आणि थंड बोटांवर तो चुकीचा दिसतो. आदल्या दिवशीच्या तुलनेत आणि बाकीच्या गटाच्या तुलनेत एखाद्याचा आकडा बराच खाली असेल व त्याला लक्षणेही असतील, तर ती दखल घेण्याची बाब आहे.

असिटाझोलामाइड, म्हणजे ज्याला सगळे डायमॉक्स म्हणून ओळखतात, ते औषध प्रतिबंधासाठी सर्वसाधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून दिले जाते. त्याने हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला अधिक जावे लागते. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. हे औषध शरीराच्या जुळवून घेण्याला मदत करते, परंतु चुकीच्या आराखड्याची भरपाई त्याने होत नाही.

तुमच्या रक्तदाबाविषयी: नियंत्रणात असलेला रक्तदाब हे न जाण्याचे कारण नाही. पहिले काही दिवस तो थोडा वाढलेला राहू शकतो, त्यामुळे गोळी बंद करू नये. मात्र ती कोणत्या प्रकारची आहे हे पाहणे आवश्यक आहे. ती मूत्रल (लघवीचे प्रमाण वाढवणारी) असेल, तर असिटाझोलामाइडबरोबर शरीरातील पाणी व क्षार अधिक कमी होऊ शकतात; ती बीटा ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारी) असेल, तर हृदयाची गती श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही आणि चढावर तुम्हाला ते जाणवेल. निघण्यापूर्वी दोन महिने ही चर्चा डॉक्टरांशी करा, म्हणजे गोळी बदलायची असल्यास तिची सवय घरीच होईल.

रात्री झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोरात सुरू होणे ही उंचीवरची सर्वसामान्य गोष्ट आहे. शेजारच्या तंबूतील माणूस त्याने घाबरतो, एवढेच. झोपेच्या गोळ्या आणि मद्य मात्र कटाक्षाने टाळावे.

आरेचाक

तिसरा प्रश्न माझ्या विषयातला आहे, म्हणून मी तेवढ्यापुरतेच लिहितो. मी सायकल दुरुस्तीचे काम करतो आणि या मार्गावर तीन हंगाम गटांबरोबर मेकॅनिक म्हणून गेलो आहे.

वळणवाट, 34 आणि 32 चे गुणोत्तर या मार्गासाठी जड आहे. थोडा हिशोब मांडतो. तुमचे, सायकलीचे आणि पाण्याचे मिळून वजन 90 किलो धरले, तर 6 टक्क्यांच्या चढावर ताशी 8 किलोमीटर वेग राखण्यासाठी सुमारे 135 वॅट शक्ती लागते. पुढे-मागे सारखे दाते असतील, तर मिनिटाला 60 वेळा पेडल फिरवताना वेग साधारण तेवढाच, म्हणजे ताशी 8 किलोमीटर येतो. समुद्रसपाटीजवळच्या उंचीवर 135 वॅट ही मोठी गोष्ट नाही, परंतु 5,000 मीटरवर शरीराची कमाल क्षमता ढोबळमानाने एक तृतीयांशाने घटते. तेव्हा एक तर तुम्ही दम लागेपर्यंत जोर लावाल किंवा पेडल इतके हळू फिरवाल की गुडघे दुखू लागतील. हेच गुणोत्तर 0.65 च्या आसपास आणले, उदाहरणार्थ पुढे 22 आणि मागे 34, किंवा पुढे 32 आणि मागे 51, तर त्याच गतीने पेडल फिरवताना ताशी 5 किलोमीटर वेग आणि सुमारे 85 वॅट एवढेच लागते. ताशी 5 हा वेग कमी वाटतो, पण गाटा लूप्सच्या 21 वळणांवर तोच वेग तुम्हाला न थांबता वर नेतो. म्हणून मागची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) आणि डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बदलून घ्या किंवा योग्य गिअरची माउंटन बाइक भाड्याने घ्या. भाड्याची सायकल घेत असाल, तर खोगीर आणि पेडल मात्र स्वतःचे न्यावेत.

रस्ता बराचसा डांबरी झाला आहे, तरी पाण्याने वाहून गेलेले आणि कामामुळे उखडलेले तुकडे दर वर्षी नव्या ठिकाणी असतात. 28 मिलिमीटरचे टायर तेथे नेऊ नयेत. 40 च्या वरचे असावेत. उंचीबरोबर बाहेरचा दाब कमी होत असल्यामुळे मनालीत भरलेला टायर टांगलांग लावर चार-एक पीएसआयने अधिक ताठ लागतो, पण थंडीमुळे त्यातला काही भाग परत कमी होतो, त्यामुळे त्यासाठी वेगळे काही करण्याची गरज नसते. निघण्यापूर्वी मात्र चाकांच्या आऱ्यांचा ताण जाणकाराकडून तपासून घ्यावा, कारण तेथे तुटलेल्या सुट्या भागांत डिरेलर हँगरच्या (डिरेलर ज्यावर बसतो त्या छोट्या पट्टीच्या) खालोखाल आऱ्याच असतात. हँगर प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो; तुमच्या सायकलीचा एक जादा हँगर तुम्ही स्वतःच नेला पाहिजे, तो आमच्याकडे नसतो.

ब्रेकबद्दल लोक फार निष्काळजी असतात. सगळे चढाची तयारी करतात, पण मी ज्या जखमा बांधल्या त्या जवळजवळ सगळ्या उतारावरच्या होत्या. टांगलांग लावरून रुमत्सेपर्यंत सुमारे 30 किलोमीटरमध्ये 1,100 मीटर उतरायचे असते, हात गारठलेले असतात, शरीर थकलेले असते आणि वळणापलीकडे वाळू किंवा ट्रक असू शकतो. ब्रेक सतत धरून ठेवू नये. सरळ रस्त्यावर सोडावा, वळणाआधी जोरात आणि थोडा वेळ दाबावा, म्हणजे रोटरला (ब्रेकच्या चकतीला) थंड व्हायला वेळ मिळतो. नवीन पॅड निघण्याच्या आठवडाभर आधी बसवून घासून घ्यावेत आणि एक जोडी सोबत ठेवावी. खिंडीवर पोहोचताच, छायाचित्र काढण्याच्या आधी, वारा अडवणारे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घालावेत. घामाने भिजलेल्या कपड्यांत उतार सुरू केला की दहा मिनिटांत बोटे ब्रेक दाबण्याच्या कामाची राहत नाहीत.

नाल्यांचेही सांगतो. बारालाचाच्या अलीकडे आणि पलीकडे बर्फाचे पाणी रस्त्यावरून वाहते. सकाळी सातला घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी तीनला मांडीपर्यंत येऊ शकते, कारण दिवसभर वर बर्फ वितळत असते. त्यामुळे जो मार्गदर्शक तुम्हाला पहाटे उठवून अंधारातच निघायला लावतो, त्याच्यावर रागावू नका. पांग आणि टांगलांग ला यांच्यामधल्या मोरे मैदानातही दुपारनंतरचा वारा समोरून आला, तर सपाट रस्त्यावर ताशी 10 किलोमीटर मिळवणे कठीण होते. तेथे मात्र एकमेकांच्या मागे आळीपाळीने राहून चालवा. गटाबरोबर असण्याचा खरा लाभ मला त्या मैदानातच दिसला आहे.

वळणवाट

आपण तिघांनीही एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सावकाश यांनी सांगितल्याप्रमाणे मी मुक्कामांच्या उंचीची यादी करून आयोजकांना पाठवली आणि त्याखाली प्रश्न विचारले. जिस्पाला एक जादा रात्र देण्यास ते तयार झाले, पण झिंगझिंगबारला मुक्काम त्यांना मान्य नाही; ‘बाकीचे लोक एवढी रजा काढू शकत नाहीत’ असे कारण त्यांनी दिले. प्राणवायूविषयी विचारले, तेव्हा ‘चार डबे असतात’ असे उत्तर आले. किती जणांना आजवर गाडीत बसवले, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. हे लक्षात घेऊन मी त्यांना नम्रपणे नकार कळवला आहे.

दुसऱ्या एका संस्थेचा 13 दिवसांचा कार्यक्रम हाती आला आहे. त्यात मनाली व जिस्पा येथे दोन-दोन रात्री, मग पटसेओ, झिंगझिंगबार, सरचू, पांग आणि पुढे टांगलांग लाच्या अलीकडे देब्रिंगला मुक्काम आहे. दहा जणांना दोन मार्गदर्शक आणि दोन गाड्या आहेत. खर्च अर्थातच वाढतो. मुलाला आधी हे लांबण वाटले, पण बुटांच्या नाडीचा प्रसंग वाचल्यापासून तो काही बोललेला नाही. एक शंका मात्र राहते: देब्रिंग सुमारे 4,700 मीटरवर आहे, म्हणजे संपूर्ण प्रवासातला सर्वांत उंच मुक्काम टांगलांग लाच्या आदल्या रात्री येतो. हे योग्य आहे का? आणि एवढे सगळे करूनही माझी तयारी अपुरी वाटली, तर श्रीनगर ते लेह हा मार्ग आधी करावा का?

सावकाश

देब्रिंगची चिंता करू नका. तोपर्यंत तुम्ही सरचू आणि पांग येथे झोपलेल्या असाल आणि पांगपेक्षा ते केवळ शंभर-एक मीटरनेच उंच आहे. त्याचा लाभ असा की टांगलांग लाचा उरलेला चढ सकाळी वारा सुटण्याआधी संपतो आणि त्याच दिवशी तुम्ही थेट रुमत्सेच्या खाली उतरून झोपता. मात्र सरचू किंवा पांगमध्ये गटातील कोणालाही त्रास झाला, तर पांगलाच आणखी एक रात्र थांबण्याची मुभा आराखड्यात आहे का, एवढे विचारून घ्या.

श्रीनगर–लेह मार्ग उंचीच्या दृष्टीने निश्चितच सौम्य आहे. झोजी ला सुमारे 3,530 मीटर, नमिका ला 3,700, आणि सर्वांत उंच फोटू ला 4,108 मीटर. कारगिलचा मुक्काम 2,700 मीटरच्या आसपास, लामायुरूचा 3,500. कोणतीही अडचण आल्यास पुढे किंवा मागे वस्ती आणि खालची जागा मिळते. 2,500 मीटरच्या वर कधीच न गेलेल्या माणसाने आधी तो मार्ग करावा, असे मी एरवी सांगितले असते. तुमच्या नव्या आराखड्यात मात्र जिस्पाच्या दोन रात्री हीच तुमची परीक्षा आहे. मधल्या दिवशी वर जाऊन आल्यावर संध्याकाळी तुम्हाला किंवा मुलाला डोकेदुखी आणि मळमळ असेल, तर तेथून मनालीला परतणे सोपे आहे, कारण अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग चढावा न लागता गाडीने काही तासांत खाली पोहोचता येते. बारालाचा ओलांडण्याचा निर्णय त्या संध्याकाळी घ्या, आज नको.

आणखी एक. मनाली–लेह मार्गावर बऱ्याच टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते आणि बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, म्हणून पोस्टपेड घेऊन जा. उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रे आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून ती विकत घेऊ नका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की जिस्पानंतर काही दिवस फोन येणार नाही. विमा घेताना त्यात किती मीटर उंचीपर्यंतचा प्रवास धरला आहे ते वाचा. पुष्कळ पॉलिसींमध्ये ती मर्यादा या खिंडींच्या बरीच खाली असते.

हिमशिखा

गोळीचे नाव डॉक्टरांना विचारून ठेवा आणि मार्गदर्शकाकडे तुमच्या व मुलाच्या औषधांची, ॲलर्जीची व रक्तगटाची लेखी चिठ्ठी द्या. तिची एक प्रत मुलाकडे तुमची आणि तुमच्याकडे मुलाची असू द्या. रोज संध्याकाळी दोघांनी एकमेकांना डोकेदुखी, भूक आणि आदल्या रात्रीची झोप एवढे तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहावीत. माणूस स्वतःचा त्रास स्वतःपासून लपवतो, पण वहीतला मागचा दिवस समोर असला की ते कठीण जाते.

वळणवाट

वही आजच आणली आहे. कॅसेट बदलण्यासाठी सायकल दुरुस्तीला दिली आहे आणि पांगच्या जादा रात्रीचा प्रश्न नव्या संस्थेला पाठवला आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत पैसे भरणार नाही.